डोलकाठीवरील दिवे व उपकरणे

शिडाच्या नौकेच्या डोलकाठीवर मार्गदर्शक दिवे, रेडिओ संदेशवहनाची आकाशके म्हणजेच अँटेना, वाऱ्याचा वेग व दिशा मोजणारी साधने, रडार आणि रडार परावर्तक बसविण्यात येतात. डोलकाठी मुळात शिडाचा भार पेलण्यासाठी असते; परंतु नौकेवरील सर्वांत उंच जागा तीच असल्यामुळे ज्या साधनांना दूरवर दिसावयाचे, ऐकावयाचे किंवा अडथळ्याविना वारा घ्यावयाचा असतो, त्यांना तिच्यावाचून दुसरी सोयीची जागा नसते. जी उंची या साधनांना उपयुक्त ठरते, तीच त्यांच्या जोडणीला घातक असते. शेंड्यावरील वस्तू सर्वांत जास्त हेलकावते, खाऱ्या हवेत सतत उघडी असते आणि समुद्रात असताना तेथे पोहोचणे अवघड असते. म्हणून उपकरणाच्या निवडीइतकेच ते कोठे व कसे बसविले आहे, याला महत्त्व आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ८ ते २० मी. लांबीच्या क्रीडा व पर्यटन नौकांचा विचार केला आहे.

उंचीचे परिणाम : नौका प्रत्येक बाजूस २०° याप्रमाणे ४ सेकंदांच्या आवर्तकालाने डोलत असेल, तर तिच्या डोलण्याच्या अक्षापासून १५ मी. उंचीवरील वस्तूला जास्तीत जास्त सु. १३ मी./से.² इतका प्रवेग मिळतो. हा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगापेक्षाही अधिक आहे. म्हणजे शेंड्यावरील दिव्याला स्वतःच्या वजनाहून मोठ्या बलाने आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे खेचले जाते आणि असे एका दिवसात २१,६०० वेळा घडते. एका झटक्याने न तुटणारा स्क्रू वा कंस अशा पुनरावृत्त भाराने शिणून तुटतो किंवा हळूहळू सैल होतो. उंचीवरील बहुतेक जोडण्या वादळात तुटल्या असे वाटले, तरी त्यांची झीज पुष्कळ आधीपासून चालू असते.

उंचीवरील वजनाचा नौकेच्या स्थैर्यावरही परिणाम होतो. नौकेच्या गुरुत्वमध्याच्या वर ८ मी. अंतरावर ७ किग्रॅ. वजनाचे रडार बसविल्यास त्याचे परिबल ५६ किग्रॅ.-मी. होते. ते भरून काढण्यासाठी गुरुत्वमध्याच्या खाली १·४ मी. अंतरावर ४० किग्रॅ. जादा शिसे घालावे लागेल. डोलण्याच्या बाबतीत अंतराचा वर्ग महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे १५ मी. उंचीवरील २ किग्रॅ. वजनाचे जडत्व परिबल ८ मी. उंचीवरील ७ किग्रॅ. वजनाइतकेच असते. ऑगस्ट १९७९ मध्ये ब्रिटिश बेटांजवळील फास्टनेट शर्यतीत आलेल्या वादळात १५ स्पर्धक मृत्यू पावले. त्यानंतरच्या संशोधनात, उभ्या असलेल्या डोलकाठीचे जडत्व फुटत्या लाटेच्या आकस्मिक माऱ्याला काही प्रमाणात विरोध करते व डोलकाठी गमावलेली नौका त्या मानाने सहज उलटते, असे आढळून आले. मात्र त्यामुळे शेंड्यावर वजन वाढविणे योग्य ठरत नाही, कारण त्याने नौकेची सरळ होण्याची क्षमता घटते. डोलकाठी शाबूत राहणे व तिच्यावर अनावश्यक काही नसणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

दिवे : समुद्रावरील टक्कर टाळण्यासंबंधीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम १५ जुलै १९७७ पासून अंमलात आले. या नियमांनुसार शिडावर चालणाऱ्या नौकेने डाव्या बाजूस लाल व उजव्या बाजूस हिरवा असे प्रत्येकी ११२·५° कंसातून दिसणारे आणि पिछाडीस १३५° कंसातून दिसणारा पांढरा असे दिवे दाखवावयाचे असतात. २० मी. पेक्षा कमी लांबीच्या नौकेला हे तिन्ही दिवे एकाच कंदिलात एकत्र करून डोलकाठीच्या शेंड्यावर लावण्याची मुभा आहे. या तिरंगी कंदिलाचा पहिला फायदा विजेच्या बचतीचा, कारण तीन दिव्यांचे काम एका दिव्याने होते. दुसरा फायदा उंचीचा होय : कठड्यावरील दिवे लाटांच्या खळग्यात किंवा शिडाच्या आड लपतात, शेंड्यावरील दिवा लपत नाही. तथापि बंदरात जवळून जाणाऱ्या लहान होडीतील माणसाची नजर इतक्या वर जात नाही. तेथे कठड्यावरील दिवेच उपयोगी पडतात.

एंजिन सुरू करताच तीच नौका नियमांच्या दृष्टीने यांत्रिक नौका ठरते. मग बाजूंच्या दिव्यांच्या वर २२५° कंसातून पुढे दिसणारा पांढरा दिवा लावावा लागतो, १२ मी. पेक्षा लहान नौकेत तो बाजूंच्या दिव्यांपेक्षा किमान १ मी. उंच असावा लागतो. शेंड्यावरील तिरंगी कंदील या दिव्याच्याही वर येत असल्याने एंजिनावर चालताना तो वापरता येत नाही. याकरिता दोन्ही प्रकारचे दिवे बसवून त्यांची बटणे स्वतंत्र ठेवतात. पुढचा पांढरा दिवा सामान्यपणे डोलकाठीच्या मध्याच्या वर, तिच्या पुढील अंगास बसवितात. नांगरलेल्या नौकेचा चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा पुष्कळदा तिरंगी कंदिलाच्या माथ्यावरच जोडलेला असतो.

शिडाची नौका कललेली असतानाही दिवा दिसला पाहिजे. म्हणून अशा नौकेच्या विजेच्या दिव्याची किमान तीव्रता क्षितिजसमांतर पातळीच्या ५° वर व ५° खालपर्यंत कायम राहावी आणि २५° वर व २५° खालपर्यंत तिच्या निम्मी तरी असावी, अशी अट नियमांच्या परिशिष्टात आहे. ही अट दिवा सरळ बसविला आहे, असे गृहीत धरून केलेली आहे. कंस वाकडा असेल, तर एका बाजूस कललेल्या नौकेचा दिवा आकाशात किंवा पाण्यात प्रकाश टाकतो. तिरंगी कंदिलाची मध्यरेषा नौकेच्या नाळेशी तंतोतंत जुळविणे त्याहून महत्त्वाचे आहे. कंदील काही अंशांनी फिरला, तर समोरून येणाऱ्या जहाजाला हिरव्याऐवजी लाल दिवा दिसतो व ते चुकीच्या बाजूला वळण्याचा संभव असतो. या कारणाने कंदील एकाच स्क्रूवर कधीही बसवीत नाहीत. दोन किंवा अधिक स्क्रूंनी त्याचे फिरणे रोखतात.

तंतुदीपांची जागा आता बहुतांशी प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थांनी म्हणजे एलईडी दिव्यांनी घेतली आहे. त्यांना वीज फार कमी लागते व ते कंपनांना चांगले टिकतात. तथापि तंतुदीपासाठी बनविलेल्या कंदिलात नुसता एलईडी बसविल्यास प्रकाशाचा उगम हलतो, रंगांच्या सीमारेषा बदलतात व कंदिलाची मान्यता राहत नाही. काही एलईडी दिव्यांतील विद्युत् नियंत्रक मंडले रेडिओ लहरींच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात. याविषयी अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये इशारा प्रसृत केला. याची परीक्षा सोपी आहे. रेडिओ एका शांत वाहिनीवर लावून स्क्वेल्च हे नियंत्रण गोंगाट जेमतेम थांबेल इतकेच फिरवावे व मग दिवा लावावा. गोंगाट पुन्हा ऐकू आल्यास तो दिवा आकाशकाजवळ ठेवण्यास अयोग्य समजावा.

आकाशके : सागरी संदेशवहनाचा अतिउच्च कंप्रतेचा म्हणजे व्हीएचएफ रेडिओ सु. १५६ ते १६२ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात चालतो. संकटसंदेशाची १६ क्रमांकाची वाहिनी १५६·८ मेगॅहर्ट्‌झवर आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पल्ला मुख्यतः आकाशकाच्या उंचीवर ठरतो. उंची मीटरमध्ये घेतल्यास रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या सु. ४·१२ पट असते. शेंड्यावर १६ मी. उंचीला आकाशक असलेल्या दोन नौका एकमेकींशी सु. ३३ किमी. अंतरावरून बोलू शकतात. दोन्हींची आकाशके कठड्यावर २·२५ मी. उंचीला असतील, तर सु. १२ किमी. वरूनच. किनाऱ्यावरील १०० मी. उंचीच्या आकाशकाशी याच दोन जागांवरून संपर्काचा पल्ला अनुक्रमे सु. ५८ व ४७ किमी. असतो. म्हणजे उंचीचा खरा लाभ दोन लहान नौकांमध्ये होतो आणि अडचणीच्या वेळी सर्वांत जवळची मदत पुष्कळदा अशाच दुसऱ्या नौकेकडून येते.

शेंड्यावर सामान्यतः सु. ९५ सेंमी. लांबीचे अर्धतरंगी आकाशक वापरतात. अधिक लाभांकाचे लांब आकाशक शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटते. नौका कलली की तो पट्टा समुद्रात किंवा आकाशात जातो. त्यामुळे शिडाच्या नौकेला कमी लाभांकाचे आकाशकच योग्य ठरते. जहाजांची आपोआप ओळख पटविणारी एआयएस यंत्रणा १६१·९७५ व १६२·०२५ मेगॅहर्ट्‌झवर चालते. तिच्यासाठी वेगळे आकाशक किंवा एकाच आकाशकाची विभागणी करणारे साधन वापरतात. उपग्रहांवरून स्थान निश्चित करणाऱ्या ग्राहीचे आकाशक मात्र शेंड्यावर लावू नये. त्याला आकाश दिसले की पुरते. शेंड्याच्या हेलकाव्यांमुळे वेग व दिशा यांची नोंद उलट अस्थिर होते. ते पिछाडीच्या कठड्यावर ठेवणे योग्य असते.

आकाशकापर्यंत जाणाऱ्या समाक्ष केबलीत शक्तीचा ऱ्हास होतो. २५ वॉट प्रेषकाला २५ मी. लांबीची सु. ५ मिमी. व्यासाची आरजी-५८ जातीची केबल जोडल्यास आकाशकापर्यंत सु. ८ वॉट पोहोचतात, सु. १० मिमी. व्यासाच्या आरजी-२१३ केबलीने सु. १५ वॉट पोहोचतात. वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या खोल समुद्रातील शर्यतींच्या विशेष विनियमांत डोलकाठीच्या शेंड्यावरील आकाशक आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती न गमावणारी केबल या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. हे ऱ्हासाचे आकडे कोरड्या केबलीचे आहेत. शेंड्यावरील जोडातून पाणी शिरले की ते वेष्टनाखालील तारांच्या जाळीतून केशाकर्षणाने खाली उतरते आणि वरून धडधाकट दिसणारी केबल निरुपयोगी होते.

वातमापन साधने : वाऱ्याचा वेग तीन वाट्यांच्या फिरत्या वायुवेगमापकाने व दिशा वातदर्शक पात्याने मोजतात. हलणारे भाग नसलेली श्राव्यातीत ध्वनीवर चालणारी साधनेही प्रचारात आहेत. शिडांजवळ येणारा वारा त्यांना भिडण्यापूर्वीच वळू लागतो, म्हणून हे साधन दांड्यावर शेंड्याच्या पुढे व वर ठेवतात. दांडा जितका लांब तितके मापन शुद्ध. पण तितकेच त्याचे कंपनही जास्त. दांडा थरथरत असेल, तर पाते स्थिर राहत नाही. आकाशक वाऱ्याने वाकले तरी पात्याला लागणार नाही, इतके अंतर दोहोंत असावे. साधन मध्यरेषेशी जुळले आहे किंवा नाही, हे वारा डावीकडून व उजवीकडून घेऊन नौका चालवून पाहतात. दोन्ही वेळच्या कोनांत फरक आढळल्यास त्याच्या निम्मी दुरुस्ती करतात.

रडार : लहान नौकांचे रडार सु. ३ सेंमी. तरंगलांबीवर चालते. त्याचे सु. अर्धा मीटर व्यासाचे घुमटाकार आवरण डोलकाठीच्या पुढील अंगास, तणाव्यांना बाहेर रेटून धरणाऱ्या स्प्रेडर या आडव्या दांड्यांच्या आसपास बसवितात. त्याच्या शलाकेची उभी रुंदी सामान्यतः सु. २५° असते. नौका त्याच्या निम्म्याहून जास्त कलली की एका बाजूची शलाका पाण्यात व दुसरी आकाशात जाते. यासाठी काही नौकांत घुमटाला समपातळीत ठेवणारा कंस वापरतात. बाजू बदलताना पुढचे शीड घुमटाला अडकून जोडणी उपटण्याचा धोका असल्याने त्याभोवती नळीचे संरक्षक कडे बसवितात. रडार परावर्तक पाण्यापासून किमान ४ मी. उंचीवर असावा, असे मानतात [⟶ रडार].

जोडणीच्या पद्धती : आधुनिक डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियम मिश्रधातूची पोकळ नळी असते. तिची जाडी ३ मिमी. असल्यास ५ मिमी. व्यासाच्या स्क्रूचे चारही आटे तिच्यात बसत नाहीत. त्यामुळे केवळ आटे पाडून बसविलेला स्क्रू हलक्या वस्तूंनाच पुरतो. रडारच्या कंसासारख्या जड भागांसाठी मोनेल या निकेल-तांबे मिश्रधातूच्या रिव्हेटा वापरतात; हलक्या भागांना ॲल्युमिनियमच्या रिव्हेटा चालतात. नळीतून आरपार बोल्ट घालून आवळल्यास तिच्या भिंती आत दबतात. असा बोल्ट घालावयाचाच असेल, तर आतून दाब सोसणारी नळी बसवावी लागते. कंसाची बैठक डोलकाठीच्या वक्रतेशी जुळणारी असावी. न जुळल्यास भार दोन कडांवरच येतो. भोके एका आडव्या ओळीत न पाडता वरखाली पाडतात आणि तणाव्यांच्या जोडांजवळ व तक्तपोशीतून डोलकाठी बाहेर येते तेथे ती पाडण्याचे टाळतात, कारण तेथे वाकविणारे ताण सर्वांत अधिक असतात.

अगंज पोलाद व ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांस टेकले की विद्युत् घटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. त्याची पांढरी भुकटी स्क्रूभोवती फुगते, स्क्रू निघत नाही व भोवतालचा धातू पोखरला जातो. म्हणून स्क्रूंना क्रोमेटयुक्त निरोधक लेप लावतात व कंसाखाली प्लॅस्टिकची चकती घालतात. कार्बन तंतूंच्या डोलकाठीत धोका उलट बाजूने असतो : तेथे कार्बन शाबूत राहतो व ॲल्युमिनियमचा कंस खाल्ला जातो. म्हणून मध्ये काचतंतूंचा थर देतात. लाकडी डोलकाठीत प्रत्येक भोक पाणी आत नेते व लाकूड कुजते. शक्य तेथे भोकाऐवजी धातूचा पट्टा आवळतात. नट सुटू नये म्हणून नायलॉनचे कडे असलेले नट किंवा आट्यांवर लावावयाचा चिकटविणारा द्रव वापरतात [⟶ गंजणे].

केबली : डोलकाठीच्या आत लोंबणारी १५ मी. लांबीची आरजी-२१३ केबल २ किग्रॅ. पेक्षा जास्त भरते. हे वजन वरच्या जोडावर येऊ न देता केबल शेंड्याजवळ स्वतंत्र पकडीने धरावी. सुटी केबल आतल्या भिंतींवर आपटून रात्रभर आवाज करते, शिडाच्या दोरांना घासते व शेवटी झिजते. याकरिता आतून प्लॅस्टिकची नळी रिव्हेटांनी बसवून केबली तीतून नेतात. केबल बाहेर पडते त्या भोकाच्या कडा गोल करून त्यांत रबरी कडे बसवितात आणि बाहेर केबलीला खालच्या बाजूस एक झोळ देतात. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, जोडात शिरत नाही.

१२ व्होल्टच्या यंत्रणेत तारेच्या रोधामुळे दाब लक्षणीय घटतो. घटमालेपासून शेंड्यापर्यंत २० मी. अंतर असल्यास जाऊन-येऊन तार ४० मी. होते. १ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या अशा तारेतून २५ वॉटच्या तंतुदीपाचा प्रवाह गेल्यास सु. १·५ व्होल्ट दाब घटतो व दिव्याचा प्रकाश सु. एक-तृतीयांशाने कमी होतो. म्हणजे दिवा लागलेला दिसतो, पण नियमाने ठरविलेल्या अंतरावरून दिसत नाही. ही घट सु. ३ टक्क्यांवर आणण्यासाठी ४ चौ. मिमी. ची तार लागते. ३ वॉटच्या एलईडी दिव्याला १ चौ. मिमी. ची तार पुरते. तारेचे धागे कथिलाचा मुलामा दिलेले असावेत. जोड शक्यतो नौकेच्या आत, कोरड्या जागी ठेवतात. उंचीवरील जोड स्वतःला चिकटून एकजीव होणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळतात.

विजेपासून संरक्षण : आकाशातील वीज नौकेवर पडल्यास ती प्रथम शेंड्यावरील साधनांत शिरते. म्हणून टोकदार धातुशलाका आकाशकाच्याही वर येईल अशी बसवितात आणि धातूची डोलकाठी तळाशी जाड तांब्याच्या तारेने पाण्यातील धातूच्या भागाशी शक्य तितक्या सरळ मार्गाने जोडतात. याने माणसांचे व नौकेच्या कवचाचे रक्षण होण्यास मदत होते. शेंड्यावरील उपकरणे वाचतीलच, असे नाही.

तपासणी : सर्व साधने डोलकाठी उतरवून आडवी ठेवलेली असताना बसविणे इष्ट असते. नंतरच्या तपासणीसाठी माणूस दोराला बांधलेल्या आसनावर बसून वर जातो. त्याला दोन स्वतंत्र दोरांचा आधार असावा, प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेले असावे आणि खाली कोणी उभे राहू नये. प्रत्येक कंस हाताने हलवून पाहणे, पांढऱ्या भुकटीचा शोध घेणे, जोड उघडून तांब्याचा रंग पाहणे व केबलीतील ऱ्हास मापकाने मोजणे, ही कामे प्रत्येक लांब प्रवासापूर्वी करतात. नुसते बटण दाबून दिवा लागला, एवढ्याने तपासणी पूर्ण होत नाही; तो रात्री काही अंतरावरून, सर्व कोनांतून पाहावा लागतो.

डोलकाठी मोडल्यास : डोलकाठी मोडली की तिच्यावरील दिवे, रेडिओ व रडार एकाच वेळी जातात आणि नेमकी त्याच वेळी त्यांची सर्वाधिक गरज असते. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने करावयाच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ ही नौका दक्षिण हिंदी महासागरातील वादळात उलटली. तिची डोलकाठी मोडली व टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. उपग्रहाद्वारे मजकूर पाठविणारे साधन डोलकाठीवर अवलंबून नसल्याने त्यांना आपली स्थिती कळविता आली व २४ सप्टेंबर रोजी ‘ऑसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. वर उल्लेखिलेल्या विशेष विनियमांत डोलकाठीवर अवलंबून असलेल्या आकाशकाला पर्यायी असे आपत्कालीन आकाशक आणि स्वतंत्र वीजपुरवठ्याचे राखीव दिवे बाळगण्याची अट आहे. शेंड्यावरील साधने कितीही पक्की बसविली, तरी त्यांच्यावाचून मदत मागता येईल व अंधारात दिसता येईल, अशी सोय तक्तपोशीच्या पातळीवर असल्याखेरीज नौकेची सज्जता पूर्ण झाली, असे म्हणता येत नाही.